लॅटिनमध्ये जेवायला कसे बोलवावे: ‘इन्वीतो’पेक्षा ‘रोगो’ बरा

प्रश्न असा आहे: लॅटिन शिकणाऱ्या एकीला मैत्रिणीसाठी घरच्या जेवणाचे चार ओळींचे निमंत्रण लॅटिनमध्ये लिहायचे आहे. कोशात ‘निमंत्रण देणे’ यापुढे ‘इन्वीतारे’ सापडले. तेवढ्यावर भागेल का? आणि ‘येते’, ‘जमणार नाही’ हे कसे म्हणायचे?

व्याकरणापुरते भागेल. पण रोमन माणूस निमंत्रण लिहायला बसला की ‘इन्वीतो’, म्हणजे ‘मी निमंत्रण देतो’, असे सहसा लिहीत नसे. तो ‘रोगो’ म्हणजे विनंती करतो असे लिही, किंवा सरळ ‘केनाबिस’, जेवशील, असे म्हणे. ‘इन्वीतारे’ हे क्रियापद अमक्याने तमक्याला बोलावले ही हकिगत सांगताना जास्त दिसते. आपल्याकडेही ‘मी तुम्हाला निमंत्रित करतो’ हे वाक्य व्यासपीठावरचे. घरात आपण ‘रविवारी या जेवायला’ म्हणतो.

उच्चाराबद्दल आधी एक सांगून ठेवतो. इथे सगळे शब्द अभिजात उच्चाराने लिहिले आहेत, म्हणून ‘सी’ अक्षराला सर्वत्र ‘क’ आहे. वसईत किंवा गोव्यात चर्चमधले लॅटिन ऐकलेल्यांच्या कानाला ‘केना’ (जेवण) याऐवजी ‘चेना’ ओळखीचे वाटेल. दोन्ही चालतात, फक्त एका वाक्यात मिसळू नयेत. शब्दाच्या शेवटचे व्यंजन मराठीसारखेच हलन्त वाचावे.

आता ‘इन्वीतारे’. ज्याला बोलावायचे तो द्वितीयेत, ज्यासाठी बोलावायचे ते ‘अद’ या शब्दयोगीनंतर द्वितीयेत: ‘इन्वीतो अमीकुम अद केनम’, मित्राला जेवायला बोलावतो. मराठी माणसाची पहिली चूक इथे होते आणि ती ‘ला’मुळे होते. ‘मित्राला’ म्हटले की हात चतुर्थीकडे जातो आणि ‘अमीको’ लिहिले जाते. लॅटिनला इथे कर्म हवे, म्हणून ‘अमीकुम’. दुसरी चूक ‘जेवायला’ या रूपातली. त्याचे शब्दशः ‘केनारे’ करून ‘इन्वीतो ते केनारे’ असे वाक्य तयार होते. गद्यात ‘अद केनम’ हेच सुरक्षित. ‘घरी’ बोलावताना ‘दोमुम’, कोणत्याही शब्दयोगीशिवाय. आणि ‘आमच्याकडे’ या एकाच मराठी शब्दाला लॅटिनमध्ये दोन जोड्या लागतात: येण्याच्या क्रियेबरोबर ‘अद नोस’, जेवण्याच्या क्रियेबरोबर ‘अपुद मे’. ‘आमच्याकडे ये’ आणि ‘आमच्याकडे जेव’ यांतला फरक मराठी दाखवत नाही, लॅटिन दाखवते. ‘मेकुम’ म्हणजे ‘माझ्याबरोबर’. घर कोणाचे हे त्यात येत नाही.

याच क्रियापदाचा एक गमतीचा उपयोग आहे: ‘से इन्वीतारे’, स्वतःलाच आग्रह करणे, म्हणजे यथेच्छ खाणे-पिणे. विनोदी नाटककार प्लाउतुसच्या ‘आम्फित्रुओ’ नाटकात रात्र सरता सरत नाही, तेव्हा सूर्य जेवणात जरा जास्तच घेऊन झोपला असावा, अशी शंका याच शब्दांत घेतली आहे.

पण खरा सापळा वेगळाच. ‘इन्वीतुस’ हे स्वतंत्र विशेषण आहे आणि त्याचा अर्थ ‘मनाविरुद्ध, नाखुशीने’. निमंत्रित म्हणजे ‘इन्वीतातुस’. एक ‘ता’ गळला की ‘बोलावल्यावरून आलो’चे ‘नाइलाजाने आलो’ होते. ‘इन्वीतुस वेनी’ असे आभारपत्रात लिहून यजमानाच्या हाती दिले तर वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, हीच अडचण. नुसते व्याकरण तपासणारे यंत्र ते चूक म्हणून दाखवणार नाही. त्यातच ‘इन्वीतो’ हे क्रियापदाचे ‘मी बोलावतो’ असे रूप आहे आणि ‘इन्वीतुस’चे चतुर्थी-पंचमीचे रूपही तेच. स्वरही तेवढेच लांब, त्यामुळे उच्चारावरून सुटका नाही. वाक्याच्या रचनेवरूनच ओळखावे लागते.

‘वोकारे’ हे आपल्या ‘बोलावणे’च्या सर्वांत जवळचे. हाक मारण्यापासून जेवायला सांगण्यापर्यंत सगळे त्यात येते, म्हणून ‘अद केनम’ जोडल्याशिवाय ते एकटे सोडू नये. कारण ‘इन यूस वोकारे’ म्हणजे न्यायालयात खेचणे. रोमच्या सर्वांत जुन्या कायद्यात, बारा फलकांत, सुरुवातीलाच हे क्रियापद त्या अर्थाने येते. नाम ‘वोकातिओ’ जेवणाच्या बोलावण्यासाठी कवी कातुल्लुसच्या 47व्या कवितेत सापडते: भलत्यांच्या घरी दिवसाढवळ्या मेजवान्या झडताहेत आणि माझे दोस्त चौकात उभे राहून बोलावणी शोधताहेत, अशी त्याची तक्रार. बोलावणे पोचवणारा नोकर तो ‘वोकातोर’. चरित्रकार सुएतोनिउसने कालिगुला बादशहाच्या चरित्रात नोंदवले आहे की परगण्यातल्या एका श्रीमंत माणसाने बादशहाच्या पंगतीत घुसण्यासाठी या वोकातोरांना 2,00,000 सेस्तेर्तिउस (रोमन नाणी) चारले. कालिगुलाला ते कळले, पण राग आला नाही. आपल्या जेवणाचा मान एवढ्या किमतीचा, याचे त्याला बरेच वाटले. दुसऱ्या दिवशी लिलावात त्याच माणसाच्या गळ्यात एक क्षुल्लक वस्तू त्याच किमतीला मारून त्याने निरोप धाडला की आता तू सीझरच्या स्वतःच्या बोलावण्यावरून जेवायला ये. तिथे शब्द आहे ‘वोकातू इप्सीउस’. ‘वोकातुस’ हे नाम बहुधा असेच पंचमीत, ‘अमक्याच्या बोलावण्यावरून’ या अर्थाने भेटते.

आता ‘रोगो’. नमुना म्हणून एकच पत्र पाठ करायचे असेल तर विन्दोलान्दाचे करावे. उत्तर इंग्लंडमधल्या या रोमन छावणीत शाईने लिहिलेल्या पातळ लाकडी पट्ट्या सापडल्या. त्यांतली 291 क्रमांकाची, इसवी सन 100 च्या आसपासची पट्टी म्हणजे वाढदिवसाचे निमंत्रण आहे. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. क्लाउदिआ सेवेरा ही एका छावणीप्रमुखाची बायको. तिने दुसऱ्या प्रमुखाची बायको सुल्पिकिआ लेपिदीना हिला लिहिले आहे. मजकूर लेखनिकाच्या हातचा, पण शेवटच्या ओळी वेगळ्या, जरा ओबडधोबड हातात, म्हणजे खुद्द सेवेराच्या. बाईच्या स्वतःच्या हातच्या लॅटिन लिखाणाच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत तिची गणना होते.

गाभ्याचे वाक्य असे: ‘रोगो लिबेन्तेर फकिआस उत वेनिआस अद नोस’. ‘रोगो’ विनंती करते, ‘फकिआस’ करावेस, ‘उत वेनिआस’ यावेस असे, ‘अद नोस’ आमच्याकडे, ‘लिबेन्तेर’ आनंदाने. ‘फकिआस’ आणि ‘वेनिआस’ दोन्ही इच्छार्थक रूपे आहेत. याला मराठीत नवे काही शोधायची गरज नाही. आपल्या जुन्या पत्रांतले ‘अगत्य येण्याचे करावे’ म्हणजे नेमके हेच: येणे ही एक क्रिया, आणि ती ‘करण्याची’ विनंती वेगळी. ज्यांनी लग्नपत्रिका वाचल्या आहेत त्यांना ही रचना एकदा दाखवली की पुन्हा समजवावी लागत नाही. वक्ता किकेरो (सिसेरो) पत्रांत याचेच आखूड रूप वापरतो, ‘फक वेनिआस’, येच. किंवा ‘वेलिम वेनिआस’, आलास तर बरे वाटेल. क्रमाने पाहिले तर ‘फक’ जवळच्यांना, ‘वेलिम’ मवाळ, ‘रोगो’ औपचारिकही आणि प्रेमाचेही.

सेवेराच्या पत्रात दिवस आहे ‘तेर्तिउम ईदूस सेप्तेम्ब्रेस’, 11 सप्टेंबर, आणि प्रसंग आहे ‘दिएम सोल्लेम्नेम नातालेम मेउम’, माझा वाढदिवसाचा सण. हा ‘नातालिस’ पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आला आणि ‘नाताळ’ झाला. गोव्याच्या वाटेने आलेला हा शब्द मराठी वाचकाने पत्रात सहज ओळखावा. पुढे ‘स्पेराबो ते, सोरोर’, तुझी वाट पाहीन गं. ‘सोरोर’ म्हणजे बहीण, पण त्या दोघी सख्ख्या बहिणी असण्याची गरज नाही; आपण मैत्रिणीला ताई म्हणतो तसेच.

‘रोगारे’ समारंभांनाही चालते. पत्रलेखक धाकटा प्लिनिउस रोममधल्या दिवसभराच्या धावपळीची यादी देतो त्यात मुलाला मोठेपणाची तोगा चढवण्याचा विधी आहे, साखरपुडा आहे, लग्न आहे. कोणी मृत्युपत्रावर शिक्का मारायला बोलावतो, कोणी खटल्यात पाठीशी उभे राहायला, आणि या बोलावण्याला क्रियापद ‘रोगावित’. म्हणून लग्नासाठी लिहायचे तर ‘रोगामुस उत नुप्तिईस नोस्त्रीस इन्तेर्सीतिस’: आमच्या विवाहास उपस्थित राहावे. ‘इन्तेरेस्से’ला चतुर्थी लागते, आणि इथे मराठीची ‘विवाहास’ ही चतुर्थी चक्क जुळते. एकाच व्यक्तीला पत्र असेल तर ‘इन्तेर्सीस’. आदरार्थी बहुवचन करू नये. अभिजात लॅटिनमध्ये बादशहालाही ‘तू’ आहे. एका माणसाला ‘वोस’ म्हणणे ही पुढच्या काळातली, मुख्यतः मध्ययुगातली सवय. मराठी हाताला अहोजाहो सोडवत नाही, पण इथे आदर क्रियापदाच्या वचनात दाखवता येत नाही, ‘रोगो’ आणि ‘लिबेन्तेर’ यांनीच दाखवायचा.

तिसरी तऱ्हा साध्या भविष्यकाळाची. ‘केनाबिस बेने, मी फाबुल्ले, अपुद मे’, माझ्याकडे मस्त जेवशील, फाबुल्लुसा, असे कातुल्लुस सुरू करतो आणि लगेच अट घालतो: जेवण, पोरगी, वारुणी, मीठ आणि हशा हे सगळे तू घेऊन आलास तर, माझ्या थैलीत कोळिष्टके भरली आहेत. कवी मार्तिआलिसने हीच ओळ थोडी फिरवून युलिउस केरिआलिसला बोलावले आहे. त्यात कामाचे दोन तपशील मिळतात. एक, ‘कोन्दिकिओ’: तुला दुसरीकडचे याहून चांगले बोलावणे नसेल तर ये. आधीच ठरलेल्या जेवणाला हा शब्द. दुसरा, वेळ: आठवा तास पाळ, आधी शेजारच्या हमामात एकत्र अंघोळ करू. रोमन दिवस सूर्योदय ते सूर्यास्त असा 12 भागांत वाटलेला, म्हणून सातवा तास मध्यान्हीला सुरू होतो, आठवा दुपारी एकच्या सुमारास. आजच्या रात्री आठच्या जेवणाला नुसते ‘होरा ओक्तावा’ लिहिले तर जुन्या हिशेबाने पाहुणी भर दुपारी दारात. ‘पोस्त मेरीदिएम’ जोडावे, ‘पी.एम.’ची अक्षरे त्याचीच.

तारखेचे गणितही इथेच उरकू. रोमन महिन्यात खुणेचे दिवस तीन: कलेन्दाइ म्हणजे 1 तारीख, नोनाइ आणि ईदूस. मोजणी पुढच्या खुणेपासून मागे, आणि दोन्ही टोके धरून. ईदूस मार्च, मे, जुलै, ऑक्टोबरमध्ये 15 ला, एरवी 13 ला. नोनाइ त्याच चार महिन्यांत 7 ला, एरवी 5 ला. त्यांच्या आधीची तारीख लिहायची तर खुणेच्या तारखेत 1 मिळवून आपली तारीख वजा करावी: 13 अधिक 1 वजा 11, म्हणजे 3, म्हणून सेवेराचे ‘तेर्तिउम’. ईदूसनंतरच्या दिवसांसाठी चालू महिन्याच्या दिवसांत 2 मिळवून वजाबाकी करायची आणि पुढच्या महिन्याच्या कलेन्दाइचे नाव घ्यायचे: 24 डिसेंबर म्हणजे 33 वजा 24, नववा दिवस, पण महिना जानेवारी. उत्तर 2 आले तर अंक न लिहिता ‘प्रीदिए’, आदला दिवस. चुका दोनच होतात: शेवटचा दिवस मोजायचा राहतो, किंवा महिना चालूच लिहिला जातो.

कवी होरातिउसने मित्र तोर्क्वातुसला पाठवलेल्या पद्यपत्रात उत्तर मागण्याची उत्तम ओळ आहे: ‘तू क्वोतुस एस्से वेलीस रेस्क्रीबे’, तुझ्यासह कितीजण येणार ते उलट लिही. आगाऊ संख्या कळवा म्हणायला याहून आटोपशीर लॅटिन नाही. त्याच्या आधीच तो सांगतो की काही ‘उम्ब्रा’ मावतील, पण फार दाटी झाली तर काखांच्या वासाने पंगत नासते. उम्ब्रा म्हणजे सावली: निमंत्रिताबरोबर येणारा, यजमानाने न बोलावलेला सोबती. हा अपमानाचा शब्द नव्हे, रीतच होती. संख्येची काळजी मात्र खरी होती. भोजनगृहात तीन लांब बैठका, प्रत्येकीवर तिघे, म्हणजे नऊ. विद्वान वार्रोचा नियम लेखक गेल्लिउसने नोंदवला आहे: पाहुणे ग्रातिआ या तीन सौंदर्यदेवींपेक्षा कमी नसावेत आणि म्यूसा या नऊ कलादेवींपेक्षा जास्त नसावेत. मार्तिआलिसकडे अर्धगोल बैठक होती, तिच्यावर सात मावत. ‘सहा झालो, लुपुसला घ्या’ असे तो निमंत्रणातच मोजतो.

अगदीच न बोलावता येणारा तो ‘इन्वोकातुस’. इथे पुन्हा जपून. हाच शब्द ‘इन्वोकारे’, धावा करणे, याचे कर्मणी रूपही आहे. प्लाउतुसच्या ‘काप्तीवी’मधला बांडगूळ एर्गासिलुस या दुहेरी अर्थावर नाटकाची पहिलीच कोटी करतो: फासे टाकताना प्रियेचे नाव घेतात, ती ‘इन्वोकाता’, मीही पंगतीत नेहमी ‘इन्वोकातुस’च असतो. कोटी मराठीत उतरत नाही. आपल्या लिखाणात मात्र ‘नोन वोकातुस’ म्हणावे, म्हणजे शंका राहत नाही.

स्वतःच ‘आज तुमच्याकडे जेवायला येतो’ असे कळवणे याला वेगळे क्रियापद आहे, ‘कोन्दीकेरे’. रोमन पुढारी क्रास्सुसने असे कळवून किकेरोबरोबर जेवण घेतले. बोलावण्याच्या बदल्यात बोलावणे ते ‘रेवोकारे’. कोल्हा आणि करकोच्याची गोष्ट फाएद्रुसने लॅटिन पद्यात सांगितली आहे. तिथे कोल्हा आधी ‘इन्वीतास्से’, आणि करकोच्याने उलट बोलावले ते ‘रेवोकास्सेत’. दोन क्रियापदांची जोडी लक्षात ठेवायला एवढी गोष्ट पुरे. ‘अधिबेरे’ हे जरा वरचे: कोणाला पंगतीला घेणे, जेवण चतुर्थीत. आउगुस्तुस बादशहा पाहुणे दर्जा पाहून निवडी. मुक्त केलेल्या गुलामांपैकी एक मेनास सोडला तर कोणालाही त्याने जेवायला घेतले नाही, हे सांगताना सुएतोनिउस हेच क्रियापद वापरतो.

स्वीकार सोपा: ‘वेनिअम अद केनम’, येईन जेवायला. प्लिनिउस याच शब्दांनी होकार देऊन वर अट घालतो की जेवण आटोपशीर आणि साधे असावे. कबूल करणे याला ‘प्रोमित्तेरे’, आणि कबूल करून न येणाऱ्या सेप्तिकिउस क्लारुसला त्याचे पत्र प्रसिद्ध आहे: ‘प्रोमित्तिस अद केनम, नेक वेनीस?’ येतो म्हणतोस आणि येत नाहीस? शेवटच्या पैपर्यंत खर्च भरून दे. मग वाया गेलेले ताट तो माणशी मोजतो: लेट्यूसचा एक गड्डा, तीन गोगलगाई, दोन अंडी, भरडलेल्या गव्हाची पेज, तिच्याबरोबर मधाची वारुणी आणि बर्फ. बर्फही हिशेबात धर, म्हणतो, ताटात विरघळून गेला. वर ऑलिव्ह, बीट, भोपळा, कांदे. आणि तू कोणाकडे तरी कालवे आणि कादिझच्या नर्तकी पसंत केल्यास! पदार्थांची नावे शिकायची असतील तर हे पत्र हाताशी ठेवावे.

वरचे सगळे जोडून पत्र असे होते. मराठी नावांपैकी आकारान्त स्त्रीनामे लॅटिनच्या पहिल्या गणात आपोआप बसतात: अनीता, चतुर्थी अनीताइ. ‘प्रकाश’सारख्या नावाला बळेच ‘उस’ लावण्यापेक्षा ते तसेच ठेवून विभक्ती शेजारच्या शब्दावर टाकावी: ‘प्रकाश अमीको सुओ सलूतेम’.

‘सरिता अनीताइ सुआइ सलूतेम. प्रीदिए ईदूस यानुआरिआस रोगो फकिआस उत अद नोस वेनिआस, होरा ओक्तावा पोस्त मेरीदिएम. केनाबिस अपुद मे कुम पाउकीस अमीकीस. क्वोता एस्से वेलीस, रेस्क्रीबे. वले.’

म्हणजे 12 जानेवारी, रात्री आठ, थोड्या मित्रमंडळींबरोबर. ‘सलूतेम’ हा नमस्कार, ‘वले’ हा निरोप. होरातिउसचे ‘क्वोतुस’ इथे ‘क्वोता’ झाले, कारण अनीता स्त्री आहे. माथ्यावर ‘इन्वीतातिओ’ असा मथळा नको. रोमन पत्र कोणाकडून कोणाला आणि ‘सलूतेम’ एवढ्यानेच सुरू होते.

नकारासाठी लूकच्या शुभवर्तमानाचा 14वा अध्याय पाहावा, वुल्गाता या लॅटिन बायबलात. एकजण मोठे जेवण घालतो, पुष्कळांना ‘वोकावित’. वेळ झाली की नोकर ‘इन्वीतातीस’, निमंत्रितांना, सांगायला जातो. पहिला म्हणतो शेत घेतले आहे, दुसरा म्हणतो बैलांच्या पाच जोड्या घेतल्या आहेत, आणि दोघेही ‘रोगो ते, हबे मे एक्स्कूसातुम’, क्षमा असावी. तिसऱ्याचे नुकतेच लग्न झाले आहे. तो क्षमाही न मागता ‘नोन पोस्सुम वेनीरे’ म्हणतो. त्याच अध्यायात उलट बोलावण्याला ‘रेइन्वीतारे’ आले आहे. ते उशिराच्या लॅटिनचे, अभिजात शैलीत ‘रेवोकारे’च ठेवावे. ‘रेकूसो’ने नकार देऊ नये, त्याला हरकत घेतल्याचा, वादाचा वास आहे. अनीताने लिहावे: ‘वेनीरे नोन पोस्सुम, रोगो ते, हबे मे एक्स्कूसातम. इन्वीता स्क्रीबो.’ ती स्त्री म्हणून ‘एक्स्कूसातम’. आणि मघाशी टाळायला सांगितलेले विशेषण इथे मात्र हवेच: मनाविरुद्ध लिहिते आहे.